गावाच्या वळणावर सांडलेलं स्पिरिट

साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत केमिस्ट म्हणून लागून मला वर्ष होत आलं होतं. आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेला मी पहिलाच. कोल्हापुरात बोर्डिंगात राहून शिकलो, तेही कुणाकुणाच्या मेहेरबानीवर. नोकरीसुद्धा वडील कारखान्याचे सभासद होते म्हणून मिळाली, हे मी कधी लपवलं नाही. रुजू झालो तेव्हा गावानं मला देवळापुढं बसवून फेटा बांधला होता.

गळीत हंगाम भरात होता. एके दुपारी फाटकातून मळीपासून काढलेल्या स्पिरिटचा टँकर बाहेर पडला आणि थोड्याच वेळात फोन आला. आमच्याच गावाच्या वळणावर उसाची बैलगाडी चुकवताना तो उलटला होता. मॅनेजर साहेबांनी मला जीपमध्ये घेतलं. म्हणाले, "तुमचंच गाव ना? बरं झालं. तुमचं ऐकतील." मागून कारखान्याचा आगीचा बंब निघाला. खरं सांगायचं तर जीपमध्ये मला थोडा अभिमानच वाटत होता.

ड्रायव्हर वाचला होता, बांधावर डोकं धरून बसला होता. टँकरच्या मागचा व्हॉल्व्ह तुटला होता आणि स्पिरिट रस्त्याकडेच्या चरीत धो धो वाहत होतं. वासानं डोळे चुरचुरत होते. आणि त्या चरीत निम्मं गाव उतरलं होतं. घागरी, बादल्या, कॅन. एकानं तर औषध मारायचा पाठीवरचा पंपच भरायला लावला होता.

आमच्याकडं रस्त्यावर उसाची ट्रॉली कलंडली तर पोरंटोरं कांडी पळवतात आणि कुणी काही म्हणत नाही. रस्त्यावर पडलं ते गावाचं. इथं तर त्याहून मोठा हक्क होता.

"सर्वांनी कृपया पन्नास मीटर मागे जावे," मी ओरडलो. ट्रेनिंगमध्ये शिकवलं होतं तसंच तोंडातून आलं.

"मीटर म्हंजी किती पावलं रं?" चरीतून कुणीतरी विचारलं. सगळे हसले.

"हे पेटतं! उन्हात याचा जाळ दिसतसुद्धा नाही!"

"दिसतच न्हाय तर भ्याचं कशाला?"

"कारखाना कुणाचा? आमचा. मळी कुणाच्या उसाची? आमच्या. मग स्पिरिट काय सायबाच्या बापाचं व्हय?"

"फेटा बांधला तवा बरा हुतास की लेका!"

मी जे सांगत होतो ते खरं होतं. स्पिरिटची वाफ जमिनीलगत पसरते, लांबच्या ठिणगीनंही पेट घेते. माणसाला कळतं तेव्हा त्याच्या अंगावरचे कपडे जळत असतात. पण ते माझ्या तोंडून पुस्तकासारखं येत होतं. तेवढ्यात रस्त्यावर एकजण भरलेले कॅन बांधून मोटारसायकलला किक मारायला लागला. आमच्या जीपच्या ड्रायव्हरनं धावत जाऊन त्याची चावी काढून घेतली, म्हणून बरं.

मग मला वडील दिसले. चरीच्या मधोमध, धोतर खोचून, गोडेतेलाचा रिकामा कॅन वाकून भरत होते. कानावर बिडी होती. बंडीच्या खिशात काडेपेटी असणार, हे मला न बघताही माहीत होतं.

साहेबांनी माझी नजर पाहिली. "ते कोण?"

"माझे वडील."

साहेब खाली बघत उभे राहिले. त्यापेक्षा चारचौघांत झापलं असतं तर सोपं गेलं असतं.

मी चरीत उतरलो. "आबा, वर चला."

"झालंच. तुझ्या आईच्या गुडघ्याला चोळाय हुतंय."

"आबा, पेटलं तर एकही वाचणार नाही."

"कोण पेटवतंय इथं?" असं म्हणून त्यांनी वर पाहिलं. रस्त्यावर खाली मान घालून उभे असलेले साहेब त्यांना दिसले. मग माझ्याकडं बघून हळू आवाजात म्हणाले, "सायेब माझ्यामुळं तुला बोलला व्हय रं? नोकरीवर आलं काय?"

नोकरीचं कुणी काढलं नव्हतं. मी उत्तर द्यायच्या आत त्यांनी कॅन उपडा केला, बिडी-काडेपेटी माझ्या हातात दिली आणि गावाकडं तोंड करून हात जोडले.

"पोराची नोकरी जाईल. वता की रं समदी. पाया पडतो तुमच्या."

हसणं थांबलं. एका म्हातारीनं तोंडातल्या तोंडात पुटपुटत बादली ओतली. मग दुसऱ्यानं. पंपवाला वर चढला. पण एकजण घागर कडेवर घेऊन तसाच उभा राहिला. तो आमचा बांधकरी, शेजारच्या रानाचा मालक. मी शाळेत असल्यापासून बांधावरून त्याचं आणि वडिलांचं भांडण होतं. एकमेकांच्या घरच्या लग्नाला जाणं बंद, बोलणं बंद.

वडील त्याच्यापुढं गेले. डोक्यावरची टोपी काढली.

त्यानं आधी सगळ्यांकडं बघून घेतलं, मग तो म्हणाला, "आता गरज पडली व्हय!" आणि त्यानं सावकाश घागर कलती केली. त्याच्यानंतर चरीत कुणी थांबलं नाही.

बंबवाल्यांनी संध्याकाळपर्यंत पाणी मारलं. आम्ही माती टाकून चरीची ओढ्याकडं जाणारी वाट बंद केली. काही पेटलं नाही. परतताना साहेब म्हणाले, "छान हाताळलंत. आपला माणूस असला की लोक ऐकतात, बघा." मी मान हलवली. जाळाच्या भीतीनं तिथून एकही माणूस हलला नव्हता. गाव हललं ते माझ्या बापाची दया येऊन.

उसाचा खोडवा निघाल्यावर शेजारच्या रानात ट्रॅक्टर फिरला आणि आमचा बांध नांगराच्या एका तासाएवढा, सरीभर आत सरकला. सुट्टीच्या दिवशी मी रानात गेलो तेव्हा वडील बांधाचे दगड उचलून नव्या जागी आपल्या हातानं रचत होते.

"आबा, हे काय? त्यानं घुसवलं आणि तुम्ही दगड लावून देताय?"

"त्या दिशी घागर वतली न्हवं त्यानं. आता कुठल्या तोंडानं भांडू?"

मी दगडाला हात लावायला वाकलो.

"तू ऱ्हाऊ दे," ते म्हणाले. "कापडं खराब हुतील तुझी."