कपाटातला आवाज

"माझी मुलगी मला हाक मारते, पण ती हाक मीच मारलेली असते," असं ती एकदा जेवणाच्या सुट्टीत म्हणाली होती. मग हे मोठ्याने बोलून गेल्याचं वाईट वाटल्यासारखी पाण्याची बाटली शोधू लागली.

ऑफिसात तिला चौकटबाई म्हणत. ज्या मुलांना तोंडाने बोलता येत नाही त्यांच्यासाठी तिथे टॅब्लेटवरचं एक सॉफ्टवेअर तयार होई. पडद्यावर चित्रांच्या चौकटी असत. चौकटीवर बोट ठेवलं की टॅब्लेट तो शब्द बोले. पाणी. दुखतंय. अजून. आई. कुठली चौकट कुठे बसवायची हे ती ठरवी, आणि एकदा बसवलेली चौकट केसभरही हलू देत नसे. डोळ्यांच्या आधी बोटाला जागा पाठ होते, असं तिचं म्हणणं.

एका नव्या प्रोग्रॅमरने शोभेसाठी एक ओळ खाली सरकवली, तेव्हा तिने त्याला विचारलं, "रोज सकाळी जीभ नव्या जागी सापडली तर बोलशील का?" तो दोन दिवस तिच्याशी बोलला नाही. बाकीचे म्हणाले, जीभ शोधत असेल.

तिची स्वतःची मुलगी दहा वर्षांची. ऑटिझम असलेली. भिंतीच्या कडेकडेने चालायची म्हणून घरात मुंगी. सहा वर्षांपूर्वी सॉफ्टवेअरमध्ये मशीनचा सपाट आवाज होता आणि तो ऐकला की मुंगी कान दाबून टेबलाखाली जाई. तेव्हा चौकटबाईने पंधरा दुपारी कपड्यांच्या कपाटात डोकं घालून, मुंगी शाळेत असताना, अकराशे शब्द स्वतःच्या आवाजात रेकॉर्ड केले. लोंबत्या कोटांमध्ये आवाज घुमत नाही. मुंगी त्या आवाजाला घाबरली नाही. त्या दिवसापासून घरात एकाच बाईचे दोन आवाज वावरू लागले. आतल्या खोलीतून "आई" ऐकू आलं की ती उठून जाई, आणि जाताना दरवेळी वाटे, बोलावतोयही आपणच.

चूक त्या अकराशे शब्दांतच होती, आणि ती कळली केस कापणाऱ्या बाईच्या खुर्चीपाशी.

मुंगीने मांडीवरच्या टॅब्लेटवर बोट ठेवलं. "नको."

"अगं बाई, किती गोड नको म्हणते," केस कापणारी म्हणाली आणि कात्री चालवत राहिली.

"नको. नको."

चौकटबाईही हसली. तिसऱ्या खेपेला मुंगीने त्या बाईचं मनगट चावलं.

घरी येऊन चौकटबाईने 'नको'ची चौकट पुन्हा पुन्हा दाबून पाहिली. आजारी लेकराला समजावताना निघतो तसा मऊ, लाडीगोडीचा आवाज. 'नको' त्याच सुरात, 'सोड' त्याच सुरात, 'दुखतंय' तर अंगाईसारखं. कपाटात उभी राहून ती मुलीसाठी बोलली नव्हती, मुलीशी बोलली होती. सहा वर्षं मुंगी नकार देत होती आणि ऐकणाऱ्यांना तो लाड वाटत होता.

"तुझ्या नकोला मी तरी कुठे भीक घातली आजवर," नवरा म्हणाला. तिला हसवायला म्हणाला होता. ती हसली नाही, तेव्हा तो भांडी विसळायला गेला.

ऑफिसातल्या रेकॉर्डिंगवाल्या दादांची भाची अकरा वर्षांची होती, जरा फुटक्या आवाजाची, बारमाही सर्दीची. शब्द नव्याने रेकॉर्ड करायला तिला काचेपलीकडे बसवलं.

"नको कसं म्हणू?" भाचीने विचारलं.

"नावडती भाजी ताटात पडली की कसं म्हणतेस?"

"तसं म्हटलं की आई रागावते."

"तसंच म्हण."

तिने म्हटलं. दादा कानावरचा हेडफोन सरकवत पुटपुटले, "हिच्या आईची कीव येते मला."

मग 'आई' हा शब्द आला. भाचीने तो कंटाळून, कुठेतरी पलीकडच्या खोलीत फेकल्यासारखा म्हटला. चौकटबाई कागदावर खूण करायची थांबली.

"परत घेऊ का?" दादांनी विचारलं.

"नको. स्वच्छ आलाय."

"ते मलाही कळलं. ऐकायचाय का परत, असं विचारतोय."

तिने मान हलवली, पण हो की नाही ते दादांना कळलं नाही. त्यांनी आपलं एकदा ऐकवलं.

कामाचा नियम तिचाच होता: नवा आवाज दिला की वीस दिवस मोठ्यांनी मुलाचा हात धरायचा नाही, त्याच्यासाठी चौकट दाबायची नाही, आणि मुलाने जुना आवाज मागितला तर परत द्यायचा. मुंगीच्या पडद्यावर दोन आवाजांच्या दोन चौकटी ठेवल्या. पहिले चार दिवस मुंगीने टॅब्लेट उशीखाली ठेवला. पाचव्या दिवशी तिने नव्या आवाजावर बोट ठेवून "पाणी" म्हटलं आणि दचकून टॅब्लेटकडे पाहिलं. मग चाळीस वेळा पाणी म्हटलं. पाणी आणलं, ते प्याली नाही. पुढे 'अजून', 'गाडी', 'दुखतंय'. 'बाबा' अकराव्या दिवशी. नवरा ओल्या हातांनी धावत आला आणि दारात उगाच उभा राहिला.

'आई' नाही.

कामावर एका दुपारी तिने मुंगीच्या पडद्याची फाइल उघडली आणि 'आई'ची चौकट दीडपट केली. नुसत्या दोन क्लिकचं काम. बराच वेळ तिच्याकडे पाहत राहिली.

मागून प्रोग्रॅमर म्हणाला, "चौकट हलली की काय, बाई?"

"हलली होती. ठेवली जागेवर," ती म्हणाली, आणि ठेवली.

विसाव्या दिवशी संध्याकाळी मुंगी खोलीत जमिनीवर कपड्यांचे चिमटे रांगेत लावत बसली होती. चौकटबाई तिच्याजवळ जाऊन बसली. रोजच बसायची, आता थोडी अधिक जवळ. रांगेतला एक चिमटा वाकडा वाटला म्हणून तिने तो सरळ केला. मुंगीने तो पुन्हा वाकडा केला. आईने दुसरा एक वाकडा चिमटा उचलला.

"आई."

सर्दी झालेला, थोडा फुटका, पलीकडच्या खोलीत फेकलेला आवाज. तिचा नव्हे. उचललेला चिमटा तिने तसाच धरून ठेवला. आता हिच्याकडे बघू नये, बघितलं तर ही थांबेल, असं तिला वाटलं. ती चिमट्यांकडेच बघत राहिली.

"आई," पुन्हा. मग बोट एकेक चौकट शोधत गेलं, न चुकता.

"नको."

"बाहेर."

"जा."

अगदी नावडत्या भाजीसारखं. यात लाड ऐकू येणं कुणालाच शक्य नव्हतं. तिला म्हणावंसं वाटलं, एकदाच, फक्त पहिला शब्द, पुन्हा म्हण. ओठ उघडलेही. मुंगीचं बोट 'जा'वर तसंच टेकलेलं होतं.

तिने हातातला चिमटा होता तिथे, वाकडाच, ठेवला. गुडघ्यावर हात टेकून उठली आणि खोलीबाहेर गेली.