बर्फात पुरलेला आलेलुया

अँजेला प्रेबिलला गावात कुणी 'नाही' म्हणायला धजत नसे, कारण निम्म्या गावाला तिनं शाळेच्या खानावळीत चाळीस वर्षं जेवू घातलं होतं. निवृत्त झाल्यावर तिनं चर्चमधली चिल्लीपिल्ली हाती घेतली. दर रविवारी मिस्सा, म्हणजे फादरांची उपासना, सुरू झाली की ती हात वर करायची आणि चौदा पोरं तिच्यामागे तळघरात पळायची. तिथं येशूची गोष्ट व्हायची, मारामाऱ्या व्हायच्या, आणि अर्पणाच्या वेळी ही वरात पुन्हा वर यायची.

नवे फादर हॉलोरन शिस्तीचे. त्यांना ही वरात खपेना.

"अँजेलाबाई, मागे रडक्या पोरांसाठी काचेची खोली आहे. सगळ्यांना तिथंच बसवू."

"फादर, काचेतून मासे बघतात."

"ईस्टरला काय होतं ते पाहू. तेव्हा नीट झालं तर चालू ठेवा."

त्याच काचेच्या खोलीत अँजेलानं स्वतःची पाच पोरं वाढवली होती, आणि अकरा वर्षांत एक मिस्सा धड ऐकली नव्हती.

ईस्टरआधीच्या उपवासकाळाचे सहा आठवडे चर्चमध्ये 'आलेलुया' हा देवाच्या स्तुतीचा आनंदी शब्द कुणी उच्चारत नाही. म्हणून उपवास सुरू होतो त्या राखेच्या बुधवारआधी पोरं तो शब्द कापडावर रंगवून डब्यात घालतात आणि पुरतात. ईस्टरला तो उकरायचा नि नाचत वेदीपाशी न्यायचा. पण मिनेसोटात फेब्रुवारीत गोठलेली जमीन कुदळीला दाद देते थोडीच? अँजेलानं चार घाव घातले, कंबर धरली, आणि डबा चर्चमागच्या बर्फाच्या ढिगात खुपसला.

"बाई, त्याला थंडी वाजेल," पाच वर्षांचा ऑटो म्हणाला.

"वाजू दे. तुम्ही मात्र तो शब्द गालात धरून ठेवायचा. ईस्टरला सोडायचा."

ऑटोनं तिथल्या तिथे गाल फुगवले. नंतरच्या प्रत्येक रविवारी तळघरात अधूनमधून चौदा जोड्या गाल फुगायचे, मग कुणीतरी फिस्सकन हसायचं.

ईस्टरच्या सकाळी पोरं फावडी घेऊन मागे गेली, तर ढीगच नाही. अँजेलाचा नवरा रुडी गाडी लावत होता. चर्चचं अंगण तोच साफ करायचा, तेही फुकट.

"रुडी, इथला बर्फ कुठं गेला?"

"मंगळवारी गावाबाहेरच्या खाणीच्या खड्ड्यात टाकून आलो. सणाला गाड्या लावायला जागा नको?"

"त्यात आमचा आलेलुया होता."

रुडीनं टोपी काढली. "अगं, रडू नकोस. पोटिट्सा असती तर मीच रडलो असतो."

पोटिट्सा, म्हणजे अक्रोड भरून गुंडाळलेला गोड पाव, त्याच्या किती आवडीचा ते गावाला ठाऊक होतं, पण आत्ता अँजेलाला त्याला फावड्यानं हाणावंसं वाटलं. आत बायबलचं वाचन संपत आलं होतं. पोरं रिकाम्या हातांनी तिच्याकडे बघत होती. ऑटोनं तिचा झगा ओढला आणि फुगलेल्या गालावर बोट ठेवलं.

अँजेलाला हसू फुटलं. "खरंच की. डबा गेला, शब्द तुमच्यापाशीच आहे."

चौदा पोरं तोंडावर हात दाबून मधल्या वाटेनं निघाली. इतकी शांत वरात त्या चर्चनं पाहिली नव्हती. फादर डोळे मोठे करून उभे. वेदीपाशी अँजेलानं हात वर केला. "सोडा."

मग काय विचारता. तेरा सुरांत तेरा आलेलुया सुटले, नि थांबेनात. ऑर्गन वाजवणारी बाई सूर पकडायला धावली आणि दमली. काचेच्या खोलीतली तान्ही बोंबलू लागली, तर त्यांच्या आया दार उघडून त्यांना बाहेर घेऊन आल्या. रुडी सगळ्यात मागून बेसूर ओरडत होता.

ऑटोचे गाल मात्र अजून फुगलेलेच. फादर खाली वाकले. "तू का नाही सोडलास?"

ऑटोनं त्यांचा कान धरला आणि आपला आलेलुया सगळाच्या सगळा त्यात सोडला. फादरांचा चष्मा नाकाच्या शेंड्यावर आला. ते ताठ झाले, त्यांनी कान चोळला, आणि पुस्तकाकडे न बघता स्वतःच एक आलेलुया ठोकला, रुडीपेक्षाही बेसूर.

मग ते अँजेलाकडे झुकून हळूच म्हणाले, "पुढच्या वर्षी जमिनीतच पुरू. कुदळ मी मारतो."

अँजेलाच्या कानात बाकी गोंगाटच होता. तिला दोनच शब्द ऐकू आले, पुढच्या वर्षी.