दाणे आले तर येऊ देत

डहाणू स्टेशनाबाहेरच्या फोटो स्टुडिओतल्या काकांचं सावलीशी हाडवैर होतं. फोटो संगणकावर घेतला की सावल्या उजळायची पट्टी ते पार उजव्या टोकाला नेऊन सोडत. ती डावीकडेही सरकते, हे त्यांना बहुधा ठाऊकच नव्हतं. सगळे त्यांना उजेडकाका म्हणत.

त्यांच्या फोटोत पलंगाखालच्या चपलासुद्धा स्पष्ट दिसत आणि माणसांच्या तोंडावर रव्यासारखे दाणे उठत. धाकट्या डहाणूची एक मावशी मासळीची पाटी खाली ठेवून त्यांच्याशी भांडली होती, "काका, हे माझं तोंड हाय का वाळत घातलेली सुकट?" काका शांतपणे म्हणाले, "दाणे आले तर येऊ देत मावशी, माणूस तरी आला ना." हे वाक्य त्यांनी अख्ख्या तालुक्याकडून पाठ करून घेतलं होतं.

२०१६ साली माझ्या लग्नाचे फोटो त्यांनीच काढले. मला धास्ती दाण्यांची. आईचं दुःख वेगळंच होतं. लग्न न विचारता ठरवलं म्हणून तिचा धाकटा भाऊ, चिंचणीचा मामा, रुसला होता. "मांडवात पाय ठेवणार नाय," म्हणाला आणि आला नाही. मला बोहल्यावर आईच्या चुलतभावानं नेलं. मामाचं नाव निघालं की आई उगाच स्वयंपाकघरात जायची.

पंधरा दिवसांनी काकांनी आम्हा दोघींना बोलावलं. मंगलाष्टकांचा फोटो होता. मांडवामागच्या चिकूच्या वाडीत भर दुपारीही काळोख असतो. काकांनी तोही उपसला होता. माझं तोंड पिठात बुडवल्यासारखं पांढरं झालं होतं. मी भांडणार, तेवढ्यात काकांनी पडद्यावर बोट ठेवलं, "हे कोण? बाहेरूनच अक्षता टाकतायत."

आईनं चष्मा पुसला. झाडाखाली मामा उभा होता, हात उंचावलेला. मांडवात पाय ठेवला नव्हता. गडी शब्दाला जागला होता.

आई फोटो घेऊन तशीच चिंचणीच्या एसटीत बसली, तिच्यामागे मी. मामानं फोटो लांब धरला, जवळ धरला. "हा मी नाय. दाणे किती आलेत."

"मग मी पाठवलेला मानाचा सदरा कोणी घातलाय?" आई म्हणाली.

मामानं फोटो उलटा करून ठेवला. मग मामीला म्हणाला, "ताईला जेवायला वाढ."

२०१९मध्ये काका स्टुडिओ बंद करून मुलाकडे वापीला निघाले. मी मोबाईलवर त्यांचा फोटो काढला. दाराच्या सावलीत चेहरा काळा आला. त्यांनी मोबाईल मागून घेतला आणि सवयीनं पट्टी टोकाला नेली.

त्याच वर्षी दिवाळीआधी ते वारले. आयुष्यभर कॅमेऱ्यामागे उभ्या राहिलेल्या माणसाचा दुसरा फोटोच नव्हता. त्यांचा मुलगा फोटो मागायला आमच्याकडे आला, तो मोबाईलवरचा फोटो पाहून संकोचला, "दाणे फार आहेत हो."

ओटीवर मामा चहा पीत बसला होता. त्यानं कप खाली ठेवला.

"येऊ देत," तो म्हणाला. "माणूस तरी आला ना."