सुमनकाकूंची वहिवाट

आज कुणाच्या तरी खिडकीतून ठेच्याचा वास आला आणि कळंबोलीचं आमचं तळमजल्याचं घर आठवलं. शेजारच्या, मूळ साताऱ्याच्या सुमनकाकू आमच्या मागच्या दारानं शिरून पुढच्या दारानं स्टॉपवर जायच्या. कोर्टात कारकून असलेले बाबा रोज म्हणायचे, "या वहिनी."

एकदा ते गमतीत म्हणाले, "परवानगीनं कितीही वर्षं ये-जा केली तरी वहिवाटीचा हक्क मिळत नाही. म्हणून रोज 'या' म्हणतो!"

काकूंचा चेहरा उतरला. "म्हंजी मी अजून परकीच व्हय?"

दुसऱ्या दिवशी त्या ठेच्याची वाटी घेऊन दारात थबकल्या. बाबांनी पेपरातून डोकं वर काढलं नाही. मला त्यांचा रागच आला.

"आज 'या' न्हाई म्हनला, भाऊजी?"

"तुम्हाला हक्क मिळायचा, तर मला गप्प बसायला हवं ना, वहिनी?"