बेदाण्याच्या शेडमधले वाचक

तासगावजवळच्या एका गावात चारुशीलाताई अठरा वर्षं वाचनालय सांभाळत होत्या. ग्रंथपाल त्याच, झाडलोटही त्यांचीच. सरकारी अनुदानात वीजबिल आणि वर्तमानपत्रं कशीबशी भागत. यंदा ग्रामपंचायतीने निधी वाढवला नाही, तर वाचनालयाला कुलूप लागणार होतं. म्हणून त्यांनी ग्रामसभेत अर्ज ठेवला.

सरपंच हंबीररावांनी देवघेवीचं रजिस्टर चाळलं.

"ताई, महिन्यात अकरा माणसं! एवढ्यासाठी निधी? त्यापेक्षा पोरांना व्यायामशाळा काढू की."

सभा हसली. रजिस्टर खोटं नव्हतं. पुस्तक नेईल त्याचंच नाव लिहायचं, हा त्यांचाच कडक नियम.

तेवढ्यात मागून दगडाबाई उठल्या. बेदाणे निवडायला शेडवर जाणाऱ्या बायकांत त्या सगळ्यात वयस्कर.

"आवं सरपंच, त्यात संयोगिताचं नाव हाय का बघा."

"आहे. दर आठवड्याला आहे."

"ती सून हाय माझी. ती वाचती, आमी पंचवीस जणी ऐकतो. तिच्या वाटणीचा माल आमी निवडतो."

"म्हंजे कामाच्या टायमाला गोष्टी व्हय?" पुढच्या रांगेतून कुणीतरी टोमणा मारला.

"शेडमालक हितंच बसल्यात, इचार त्येंस्नी, माल कवा कमी भरला का. तू दिवसभर मोबाइल बघतोस, तवा कोण इचारतंय तुला?"

या वेळी सभा त्याला हसली.

ताई मात्र ओशाळल्या. परत आलेल्या पुस्तकांत बेदाण्याच्या काड्या सापडायच्या, म्हणून संयोगिताला त्यांनी किती वेळा झापलं होतं! बिचारी खाली मान घालून ऐकायची आणि दुसरं पुस्तक मागायची. "हे कुठं नेतेस गं?" एवढं विचारायचंही त्यांना कधी सुचलं नव्हतं.

"बरं," हंबीरराव म्हणाले, "पण ऐकणारे लिहायचे कुठं? रजिस्टरात तसा रकाना नाही."

आता ताई पुढे झाल्या. "रकाना मी आखते. तुम्ही ठराव घ्या."

ठराव झाला. मागितला त्याच्या निम्माच निधी मिळाला, पण कुलूप टळलं. सूचक म्हणून दगडाबाईंचं नाव लागलं. सही येत नव्हती. त्यांनी अंगठा उठवला आणि शाई पदराला पुसली.

दुसऱ्या दिवशी ताई रजिस्टर घेऊन स्वतः शेडवर गेल्या. पंचवीस नावं लिहून व्हायला दुपार झाली, कारण बायकांना आधी कालचं अर्धं राहिलेलं प्रकरण ऐकायचं होतं.