अण्णांच्या मागची कढई

माझ्या वडिलांच्या पाठीमागं कढईतून धूर निघत होता. तो त्या रविवारी तेवीस घरांनी पाहिला. दिसला नाही तो फक्त वडिलांना, कारण त्यांच्या डोळ्यांवर पट्टी होती. आणि ती पट्टी बांधायला त्यांना मीच लावलं होतं.

आधी मेळ्याचं सांगतो. कोरोनाच्या दिवसांत आमच्या भावकीनं एक खूळ काढलं. सगळ्यांनी आपापल्या स्वयंपाकघरात मोबाईल उभा करायचा आणि व्हिडिओवर एकत्र जमून खाद्यमेळा भरवायचा. कोरोना गेला, खूळ राहिलं. आता कुणी पुण्यात, कुणी नांदेडला, एक पुतण्या तर आखातात, त्यामुळं एरवी लग्नातसुद्धा सगळे भेटत नाहीत. मेळ्याला मात्र भेटतात. पोरांसाठी गोल धपाट्यांची स्पर्धा, सासू-सुनांची एका हातानं पीठ मळायची शर्यत, आजी-आजोबांना डोळे बांधून चव ओळखायचा खेळ. आणि या सगळ्याचा सूत्रसंचालक म्हणजे अस्मादिक. डोक्याला फेटा, अंगात जरीचं जाकीट, आणि टेबलाखाली, जिथं कॅमेरा पोचत नाही तिथं, पट्ट्यापट्ट्यांचा पायजमा. लोकांना हसवायला मला लई आवडतं. कुणी हसलं नाही तर मी दुप्पट बोलतो, हा माझा जुना दोष.

त्या दिवशी आई आमच्याकडं, शहरात उस्मानपुऱ्यात होती. चार दिवसांपूर्वी तिच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, डोळ्यांवर काळा चष्मा. पडद्यावरचं काही दिसत नव्हतं, म्हणून ती माझ्या मागं पलंगावर बसून नुसतं ऐकत होती. वडील, म्हणजे आमचे अण्णा, दौलताबादच्या घरी एकटेच राहिले होते. ते निवृत्त मास्तर. आयुष्यभर परीक्षेच्या हॉलवर पहारा दिलेला माणूस. पोरं कॉपी बाहीत लपवोत की मोज्यात, अण्णा नुसत्या चेहऱ्यावरून ओळखायचे. मी स्वतः त्यांच्याच शाळेत शिकलो. एकदा दोन इशाऱ्यांनंतर शेजारच्याला नुसतं "सात" म्हणालो, तर सगळ्या वर्गासमोर माझा पेपर काढून घेतला होता.

चवीच्या खेळात बाकीच्या घरी नातवंडं चमच्यानं भरवणार होती. अण्णांना भरवायला कोण? त्यांनी स्वतःच पाच वाट्यांत मसाल्याच्या पाच पुडी काढल्या, डोळे मिटून वाट्या इकडच्या तिकडं हलवल्या, चौघडी पंचा करकचून डोक्याला बांधला, अगदी कानांवरून. उत्तरं लिहायला हातात पाटी-खडू. बांधण्याआधी त्यांनी कॅमेऱ्याकडं बोट करून बजावलं, "बाकीचे ओरडून उत्तरं फोडतात. मला तसलं चालणार नाय. माझ्या पाचही वाट्या झाल्या की मीच पट्टी सोडीन." मग मेळ्याचा आवाज दोन्हीकडून बंद केला, आमचा त्यांना नाही आणि त्यांचा आम्हांला नाही; फोनची घंटी तेवढी चालू राहिली.

आता माझा पराक्रम ऐका. या खेळानंतर भज्यांची जुगलबंदी होती. मी तीन म्हटलं की तेवीस घरांत पहिलं भजं एकाच वेळी तेलात पडणार, असा माझा बेत. वेळ वाचावा म्हणून मी आधीच फर्मान काढलं, "मंडळी, तेल तापायला ठेवा! चवीचा खेळ काय, पाच मिनिटांचा!" बाकीच्यांनी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. अण्णांनी ऐकलं. सांगितलं ते शब्दशः करायचं, ही त्यांची सवय. त्यांनी शेगडी मोठी केली, कढई ठेवली, आणि तिच्याकडं पाठ करून बसले.

दोन वाट्या झाल्या. कोरोनात गेलेला वास अण्णांना परत आलाच नव्हता, त्यामुळं सगळी मदार जिभेवर. प्रत्येक पूड ते जिभेवर घोळवत होते, नाक मुरडत होते, मान डोलवत होते, मग न बघता पाटीवर वाकडी अक्षरं काढत होते. मी त्यांच्या चौकोनावर विनोद करत होतो. "अण्णा दुसऱ्या पुडीला पण पास करणार नाहीत बरं का, ग्रेस मार्क तर सोडाच!" लोक हसले. तेवढ्यात एका चुलतभावानं लिहून पाठवलं, 'अण्णांकडं काय शिजतंय? लई धूर हाय.'

मी हसत हसतच बघितलं. कढईवर निळसर पट्टा तरंगत होता. तेल तापलं की जो दिसतो तो नव्हे. त्याच्यापुढचा.

"अण्णा, गॅस बारीक करा," मी म्हणालो. नाटकी आवाजातच. माझ्या घशाला अजून कळलं नव्हतं.

अण्णांनी तिसरी वाटी ओढली.

"अण्णा! गॅस!"

मग सगळेच ओरडू लागले. बाया, पोरं, आखातातला पुतण्या, सगळी भावकी गॅस गॅस करत होती, आणि ज्याच्यासाठी करत होती तो माणूस शांतपणे बोट चाटत होता. धूर पांढरा झाला. मग त्यात काळी धार आली.

"अहो, फोन लावा ना!" बायको म्हणाली.

मी बाजूचा दुसरा मोबाईल घेऊन फोन लावला. लावल्याबरोबर त्यांचा चौकोन गोठला, कारण त्यांच्याकडं मोबाईल एकच. फोन वाजला की चित्र थांबणार. म्हणजे एक तर मी त्यांना बघू शकत होतो, नाही तर बोलावू शकत होतो. दोन्ही एकदम नाही. तीनदा घंटी वाजली आणि कट झाली. चित्र परत आलं. अण्णांचा हात मोबाईलवरून मागं जात होता. त्यांनी चाचपडत फोन कापला होता.

आणि मग त्यांनी पट्टी बांधलेलं तोंड कॅमेऱ्याकडं केलं आणि बोट हलवलं. नाही. नाही. नाही.

त्यांना वाटलं होतं, मी उत्तर सांगायला फोन करतोय.

दुसऱ्यांदा लावला. पुन्हा कापला. या वेळी चित्र आलं तेव्हा त्यांचे ओठ हलत होते. आवाज येत नव्हता, पण ते वाक्य मला ओठांवरून वाचता येतं, लहानपणी शेकडो वेळा ऐकलंय: "लाज वाटत नाही?" त्यांच्या डोक्यामागं भिंतीवरचं कॅलेंडर आता दिसेनासं झालं होतं.

बायकोनं तोवर दौलताबादच्या घरासमोर राहणाऱ्या काकूंना फोन लावला होता. काकू रविवारी किल्ल्याच्या पायथ्याशी पेरू विकायला बसतात. पर्यटकांचा गलका, त्यात त्यांचा आवाज: "व्हय, बोल की. गिऱ्हाईक हाय गं."

"काकू, घरी पळा! अण्णांची कढई पेटतीय!"

"कुणाची?"

"अण्णांची! मास्तरांची! त्यांना दिसत नाहीये!"

"आगं बया!" एवढंच ऐकू आलं. मग धापा. पण किल्ल्यापासून घर म्हणजे काकूंच्या गुडघ्यांना पाच-सात मिनिटं.

तेव्हाच कढईच्या काठावरून एक जीभ वर आली. केशरी. छोटीशी. आत गेली आणि परत दुप्पट होऊन आली.

"आजोबा!" माझी लेक किंचाळली.

"काय झालं?" मागून आईनं विचारलं.

लेक रडायला लागली.

"काय झालं ते सांगता का मी चष्मा काढू?"

"आई, अण्णांच्या मागं तेल पेटलंय," मी म्हणालो. "त्यांच्या डोळ्याला पट्टी आहे. फोन कापतायत. त्यांना वाटतंय मी कॉपी पुरवतोय."

आई पलंगावरून उठली. चाचपडत आली आणि तिनं माझं मनगट धरलं.

"किती डाव लावलास?"

"दोन."

"आता लाव. तिसऱ्याला ते उचलतेत. कॉपीवाल्याला दोनदा सोडतेत आन् तिसऱ्यांदा धरायला उठतेत. तीस वर्षं हेच केलंय त्यांनी."

मी लावला. चौकोन गोठला, ती ज्वाळा तशीच, अण्णांच्या उजव्या खांद्याशी अर्धी उभी. घंटी. घंटी. घंटी. मी इतक्या वर्षांत कुठल्या देवाला नवस केला नव्हता. त्या तीन घंट्यांत तीन केले, आणि तिन्ही वेगवेगळ्या देवांना.

"नालायका!" अण्णांचा आवाज आला. "पन्नाशीला आलास! बापाला कॉपी पुरवतोस? सगळ्या भावकीसमोर?"

"अण्णा—"

"एक शब्द बोलू नकोस! उत्तर सांगितलंस तर आत्ता पाटी फोडीन!"

आईनं फोन माझ्या हातातून ओढला. ती ओरडली नाही. जेवायला बोलावताना बोलावी तशी बोलली.

"अहो, मागं बघा."

"तू कशाला मधी—" आणि मग पंचा ओढल्याची सरसर, आणि अण्णांचा असा एक आवाज जो मी कधीच ऐकला नव्हता. मास्तरांचा नव्हता तो. लहान पोराचा होता.

"पाणी टाकू नका!" मी फोनवर झेप घेतली. त्यांच्या शेगडीच्या बाजूलाच माठ असतो, आणि आग दिसली की माणसाचा हात पाण्याकडंच जातो. "अण्णा, पाणी नको! परात! परात उपडी घाला!"

फोन कुठंतरी पडला. खण्ण् झालं. काहीतरी भांड्यावर भांडं आदळलं. खोकला. पुन्हा खोकला. वाट्या घरंगळल्या.

मग काहीच नाही.

फोन चालू होता. त्यावरचे सेकंद पुढं सरकत होते, आणि पलीकडून नुसती घरघर. एका चौकोनात एक म्हातारी आत्या तोंडावर पदर धरून बसलेली, दुसऱ्यात पिठानं माखलेली दोन पोरं हात हवेत धरून उभी. "अण्णा," मी म्हणत होतो. "अण्णा. ओ अण्णा." त्यांनी परात घातली की माठ ओतला, हे मला कळायला कुठलाच मार्ग नव्हता. ओतला असेल तर तेल उडालं असेल. मी डोळ्यांपुढं बघत होतो आणि जे बघत होतो ते इथं लिहिणार नाही.

आईनं माझं मनगट सोडलं नव्हतं. तिची नखं रुतत होती. "खोकले ना?" ती म्हणाली. "खोकले ना रे ते?"

"खोकले."

"मग हायेत."

मग फोनमधून लांबून हाक आली. "मास्तर! ओ मास्तर! कुठं हाव?" दाराची कडी, पावलं, भांड्याला लागलेली लाथ. "आरं द्येवा, काय धूर करून ठिवलाय!" परत पावलं, मागच्या अंगणाकडं. आणि मग फोन कुणीतरी उचलला.

"हाय," काकू धापा टाकत म्हणाल्या. "हाय, हाय. बरे हायेत. हौदात हात घालून बसलेत. परात घातलीया कढईवर. गॅस बंद हाय. एक भुवई गेली निस्ती."

आईनं तेव्हा माझं मनगट सोडलं. मी टेबलावर डोकं टेकलं आणि फेट्यासकट रडलो. तेवीस घरं बघत होती आणि पहिल्यांदाच मला लोक बघतायत याचं काही वाटलं नाही.

बायको आईजवळ थांबली. मी तसाच गाडीवर बसलो. छावणी ओलांडल्यावर एका रिक्षावाल्यानं ओरडून विचारलं, "नवरदेव, बारात किधर है?" तेव्हा कळलं, डोक्यावर फेटा आहे, अंगात जाकीट आहे आणि खाली पायजमा. एरवी मी गाडी थांबवून त्याला दोन टोले दिले असते. त्या दिवशी गाडी सरळ धरायलाच सगळी ताकद लागत होती.

अण्णा पुढच्या दारात पायरीवर बसले होते. हाताला काकूंनी काहीतरी हिरवं थापलेलं. डावी भुवई खरंच नव्हती, आणि त्यामुळं चेहरा सतत अर्धा चकित दिसत होता. काकू शेजारी उभ्या राहून पेरूची टोपली कुणाच्या भरवशावर टाकली याची काळजी करत होत्या.

मी पायऱ्या चढलो आणि त्यांच्या पाया पडलो. "चुकलो, अण्णा. तेल ठेवा मीच म्हणालो."

"ठेवलं मी," ते म्हणाले. "तू म्हणशील ते करायला मी काय बालवाडीत हाय?" मग म्हणाले, "आईला दिसलं का काही?"

"नाही. चष्मा होता."

"बरं झालं."

"हात दाखवू डॉक्टरला. चला. आतून तुमचा सदरा आणतो."

ते उठले नाहीत. मी हात दिला. उठले, उंबऱ्यापर्यंत आले आणि थांबले. आत धूर नव्हता आता, नुसता जळक्या तेलाचा वास होता. शेगडीमागची भिंत छतापर्यंत काळी. कढईवर पितळी परात उपडी, शांत.

आयुष्यभर हा माणूस माझ्यापुढं चालला. बाजारात, शाळेत, आजोबांच्या मयतीत, सगळीकडं मी त्यांच्या पाठीकडं बघत वाढलो.

"तू जा आधी," अण्णा म्हणाले.

मी गेलो. ते माझ्या मागून आले, आणि माझ्या जरीच्या जाकिटाचं टोक त्यांनी बऱ्या हातानं धरलं होतं. शेगडीपासून चार हातांवर आम्ही दोघंही थांबलो. परात उचलायचं माझंही धाडस होईना. खाली काय असेल? काय असणार, काळं पडलेलं तेल. तरी होईना.

"पूजा करता का काय तिची?" काकू मागून म्हणाल्या, आम्हांला बाजूला सारून पुढं गेल्या, पदरानं परात धरली आणि उचलली.

अण्णांनी जाकीट सोडलं नाही.