मायनं टाकलेला कडपा

माझी माय सरव्याची पक्की. धान कापून नेलं की शेतातल्या रिकाम्या बांधीत वाकून एकेक लोंबी वेचायची, आणि एखादी माझ्या पायाखाली आली तर ती पदरानं पुसून कपाळाला लावायला सांगायची.

नवरा वारल्यावर देवरीकडच्या सासरी माझी थाळी वेगळी झाली, तांब्या वेगळा झाला. एचआयव्ही त्यानंच दिलेला, दोष मात्र माझ्या माथी. मी मायकडे निघून आले. तिथं भाऊ, भावजय आणि त्यांचं लहान लेकरू होतं. सासू-दिरांचं फारसं मनाला लावून घेतलं नाही. शेवटी ती परकी माणसं. माय माझ्या ताटातलं खायची, शेजारणींना "पोरगी कमजोर झाली" एवढंच सांगायची. तेवढ्या भरवशावर मी दर महिन्याला दवाखान्यातून गोळ्या आणत होते आणि जगत होते.

गेल्या कापणीत विळा निसटला, बोट चिरलं. कापून ठेवलेल्या धानाच्या कडप्यावर चार थेंब रक्त सांडलं. कापणीत विळा लागतोच, त्यात नवल काय. चिंधी बांधायची आणि पुढचं धान धरायचं. मीही तेच केलं.

मागून माय आली. तिनं रक्त पाहिलं, शेजारी कापणाऱ्या भावजयीकडे पाहिलं. मग हात न लावता, काडीनं ढकलत ढकलत तिनं तो अख्खा कडपा बांधीच्या कडेच्या धुऱ्यापलीकडं नाल्यात टाकला.

"काऊन फेकला?" मी विचारलं. "दवाखान्यात सांगतेत ना, खाण्यापिण्यानं काही होत नाही म्हणून."

"मले समजते, बाई," माय म्हणाली. "पण घरात लेकरू आहे. तू उद्यापासून घरीच राय."

आपलेच दात, आपलेच ओठ. भांडणार कुणाशी? राग आला, फार आला. तो उतरल्यावर मला रडूही येईना.

दुसऱ्या दिवशी सगळे बांधीत गेले. चुलीपाशी जायची मला कुणी मनाई केली नव्हती, तरी भाताच्या गंजाला हात लावायचं धाडस होईना. दिवसभर उपाशी ओसरीत बसून राहिले.

संध्याकाळी माय आली. पाय धुता धुता तिनं विचारलं, "जेवली का?"

"जेवली," मी म्हणाले. तिला वाईट वाटू नये म्हणून.

ती आत गेली, भाताचा गंज उचलून आणला आणि ज्याला मी शिवलेही नव्हते तो सगळा भात गाईपुढे ओतला.